भट्टीचा गडगा

रोसविता लग्न होऊन मेर्लबाखला आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती, आणि ही एकोणीस वर्षं तिला त्या उताराची भीती वाटत होती. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, विनफ्रीडला, थोडाफार अंदाज असावा. सासऱ्यांना, आलोइसना, कळलं असतं तर त्यांनी जेवणाच्या टेबलावर रोजचा एक टोमणा वाढवला असता.

उतारही तसाच होता. जर्मनीतली मोझेल नदी तिथं मोठं वळण घेते, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला डोंगर असा उभा राहतो की खालच्या रस्त्यावरून वर बघताना डोक्यावरची टोपी पडावी. त्या उभ्या अंगावर गारा-चुना न लावता दगडांचे गडगे रचलेले, गडग्यांच्या आड अरुंद टप्पे, आणि टप्प्यांवर एकेका खांबाला बांधलेले रीसलिंग द्राक्षाचे वेल. सगळ्यात उभा आणि दक्षिणेला नीट तोंड करून बसलेला तुकडा आलोइसच्या घराचा. गाव त्याला भट्टी म्हणायचं.

भट्टीत माती अशी नव्हतीच. शाळेतल्या पाटीचा निळाकाळा दगड, त्याचे पापुद्रे, आणि पापुद्र्यांचा चुरा. पाय ठेवला की सगळं खळखळत खाली सरकायचं. पण दिवसभर पडलेलं ऊन तो दगड पिऊन ठेवायचा आणि संध्याकाळी नदीवर धुकं उतरलं की हळूहळू सोडायचा. सप्टेंबरातल्या रात्री आठ वाजता हात लावला तरी कोमट लागायचा. वरून डोंगरमाथ्याचं रान गार वारा अडवायचं, खालून नदीचं पाणी उजेड परतून द्यायचं. इतक्या उत्तरेला, जिथं जुलैतही कधी कधी स्वेटर घालावा लागतो, तिथं द्राक्ष पिकायचं ते एवढ्या जोरावर. समोरच्या काठावर, सावलीत, मार्च उजाडेपर्यंत बर्फ पडून असायचा.

रोसविता मूळची वरच्या पठारावरची. तिकडे सगळं सपाट, बटाटा आणि ओट. म्हणून गावात तिला थट्टेनं बटाटेवाली म्हणत. तिचे वडील मात्र शेतकरी नव्हते, छपरांच्या फरशा काढणाऱ्या पाटीच्या खाणीत कामाला होते. पण हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी विनफ्रीड भट्टीतून घसरला. दोन गडगे ओलांडून तिसऱ्यावर आपटला. मांडीचं हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून तो तळघरात, वाइनच्या पिंपांपाशी. आणि उतारावर रोसविता आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आलोइस. रोज सकाळी ती उतारावर चढणाऱ्या, एकाच रुळाच्या दातेरी गाडीत बसायची, पुढच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरायची आणि डोळे गुडघ्यांवर ठेवायची. वर पोचली की हात पँटला पुसून कात्री काढायची. छाटणीला तिचा हात चांगला होता. भीती वाटते म्हणून काम वाईट होतं असं नाही.

त्या वर्षी हिवाळा विचित्र पडला. नोव्हेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत पाऊस थांबलाच नाही. मग फेब्रुवारीत दहा दिवस अशी थंडी पडली की नदीच्या कडेला बर्फाचे तवे जमले. आणि मग एका दुपारी वारा फिरला, पुन्हा कोमट पाऊस आला, आणि दोन दिवसांत सगळं वितळलं.

त्यानंतरच्या सोमवारी रोसविता आणि आलोइस छाटणी पुरी करायला वर गेले. मधल्या टप्प्यावर, जुन्या वेलांच्या खाली, पुरुषभर उंचीचा गडगा होता. ती त्याच्यासमोरून हजार वेळा गेली असेल. त्या दिवशी ती थांबली.

"बाबा, हा गडगा बघा."

"काय बघू? दगड आहेत."

"पोट सुटलंय त्याला."

आलोइसनी मान तिरकी करून बघितलं. मधोमध गडगा पुढे आला होता, वीतभर तरी. दोन दगडांमधून बारीक चुरा गळत होता.

"माझंही सुटलंय," ते म्हणाले. "मी पडलो का अजून? माझ्या आजोबांनी रचलाय तो. चल, त्या वरच्या ओळीतल्या काड्या उरल्यात."

ती वर गेली, पण त्या दिवशी तिनं चार वेल चुकीचे छाटले. ठेवायची काडी कापली आणि कापायची ठेवली. आलोइसनी ते बघितलं आणि चुकून उरलेल्या काड्या स्वतः कापून टाकल्या.

दुपारी बटाट्याच्या सूपवर विषय निघालाच. शेजारचा कुनिबर्ट पंप परत द्यायला आला होता. त्याची बाग भट्टीला लागूनच, मध्ये फक्त अखंड खडकाची एक धार. पन्नाशीचा, गोल, मोठ्या आवाजाचा माणूस. न बोलावता खुर्ची ओढून बसला.

"काय म्हणते बटाटेवाली? डोंगर पडणार?"

"गडग्याला पोट आलंय म्हटलं मी. मागं पाणी साठलंय."

"अगं, पाणी साठतच नाही तिथं. पाटीचा दगड आहे. वरून ओतलं की खालून निघतं. म्हणून तर वेल मुळं खाली खाली नेतो. हे तुझं पठार नव्हे, चिखलाचं."

"निघायला वाट असली तर निघेल ना!" रोसविता म्हणाली. "थंडीत दगड फुटलाय आतून. चुरा बसला असेल वाटेत."

"आलोइसराव, सूनबाईंनी शाळा काढली की काय डोंगरांची?"

आलोइस हसले. विनफ्रीड हसला नाही. तो ब्रेडचा तुकडा ताटलीत फिरवत होता. रात्री झोपायच्या आधी त्यानं विचारलं, "खरंच वाटतंय तुला?"

"मला रोजच वाटतं रे," ती म्हणाली. तोंडून निघून गेलं. "म्हणून तर कळत नाही, हे रोजचं आहे की वेगळं."

मंगळवारी सकाळी ती एकटीच वर गेली. सोबत दोन लोखंडी खुंट्या आणि सुतळी. एक खुंटी गडग्याच्या फुगवट्यात दोन दगडांच्या फटीत ठोकली, दुसरी बाजूच्या त्या अखंड खडकात. मध्ये सुतळी ताणून बांधली. मग खाली वाकून गडग्याचा पाया बघितला. पायाशी पाणी येत होतं, ही नवी गोष्ट नव्हती. पण ते पाणी नेहमी आरशासारखं असे. आता ते कॉफीत दूध घातल्यासारखं होतं. डोंगर आतून धुतला जात होता.

खाली येऊन तिनं जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, गावाचं नाव दोनदा लिहून घेतलं.

"डोंगर तपासणारे साहेब शुक्रवारी त्या बाजूला येणार आहेत."

"आज मंगळवार आहे हो. खालून रस्ता जातो. शाळेची बस जाते."

"एखादा दगड रस्त्यावर आलाय का?"

"नाही."

"मग रस्ता बंद करायचा अधिकार मला नाही, बाई. काही झालं तर लगेच कळवा."

काही झालं तर. रोसवितानं फोन खाली ठेवला. तिला आपल्या वडिलांची आठवण झाली. खाणीत जाणाऱ्यांचे काही नियम असत, आणि ते जेवताना मुलांना सांगत, जसे इतर बाप गोष्टी सांगतात. भिंतीतून येणारं पाणी गढूळ झालं तर मुकादमाला सांगायचं. आणि येणारं पाणी एकाएकी थांबलं तर कुणाला काही सांगत बसायचं नाही, हत्यारं टाकून पळायचं.

बुधवारी पाऊस नव्हता. लखलखीत ऊन पडलं होतं, फेब्रुवारीच्या मानानं गरमच. दगडांतून वाफा निघत होत्या. कुणालाही वाटावं, आता सगळं ठीक झालं. रोसविता बाराच्या सुमाराला कुनिबर्टच्या बाजूच्या पायऱ्यांनी निम्म्यावर चढून गेली आणि खडकाच्या धारेवरून पलीकडे बघितलं. सुतळी तुटली होती. दोन्ही टोकं लोंबत होती. आणि गडग्याच्या पायाशी पाणी नव्हतं. ओली खूण होती, पाणी नव्हतं.

ती त्या पायऱ्या कशा उतरली हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

स्वयंपाकघरात विनफ्रीड एकटाच होता.

"बाबा कुठायत?"

"वर गेले. आत्ताच, गाडी घेऊन. तू दिसली नाहीस म्हणून चिडले होते. म्हणाले, सकाळीच बघून आलोय, पाणी थांबलंय, काल उगाच कचेरीत फोन करून गावात हसं केलंस. जुन्या वेलांची छाटणी आजच संपवतो म्हणाले."

"पाणी थांबलंय म्हणूनच..." तिनं खुर्चीची पाठ धरली. "विनफ्रीड, ऐक. मला चूक ठरव, मूर्ख ठरव, नंतर. आत्ता ट्रॅक्टर काढ आणि रस्त्यावर आडवा लाव. बस ज्या बाजूनं येते त्या बाजूला. गावाच्या बाजूला रिकामी पिंपं आडवी टाक. एक वाजून दहा मिनिटांनी बस येईल."

"आणि पोलीस आले तर?"

"तर सांग, बायकोला वेड लागलंय."

विनफ्रीडनं तिच्याकडे बघितलं. मग तो उठला, काठी घेतली आणि कोटाकडे वळला. त्या क्षणी तिला त्याचा इतका आधार वाटला, आणि लगेच दुसरी भीती वाटली. तो तिथं खाली, उताराच्या पायथ्याशी, वाकड्या पायानं उभा राहणार होता.

गाडी वर होती, आलोइसबरोबर. म्हणजे पायऱ्या. कुनिबर्टच्या बाजूच्या निम्म्यावर, मधल्या टप्प्याच्या खालीच संपत होत्या. भट्टीच्या पायऱ्या म्हणजे गडग्यांतून बाहेर काढलेले लांब दगड, एकाआड एक, पावलाएवढे. कठडा नाही. तीनशेच्या वर पायऱ्या. एकोणीस वर्षांत ती त्या पायऱ्यांनी उतरताना कधीच खाली बघत नसे, चढताना कधीच वर बघत नसे. आज तिला दोन्ही बघावं लागत होतं. वर, दगड येतोय का ते. खाली, विनफ्रीड कुठे पोचला ते.

शंभराव्या पायरीच्या आसपास तिनं एक आवाज ऐकला. टिक. थोड्या वेळानं पुन्हा, टिक, टिक. ऊन तापल्यावर पाटीचे पापुद्रे असे वाजतात, हे तिला माहीत होतं. पण हा आवाज दगडातून येत नव्हता. वेलांच्या खांबांतून येत होता. लाकडी खांब जमिनीत घट्ट रुतलेले असतात; जमीन सरकायला लागली की ते कुरकुरतात. तिनं ओळीकडे नजर टाकली. सगळे खांब सरळ होते. मग नीट बघितलं. सगळे एकाच बाजूला, अगदी थोडे, नदीकडे झुकले होते, कुणी हाक मारली आणि सगळ्यांनी मान पुढे केली तसे.

तिचे पाय थांबले. शब्दशः थांबले. उजवा पाय उचल असं ती स्वतःला सांगत होती आणि तो उचलला जात नव्हता. तिनं वरच्या पायरीचा दगड दोन्ही हातांनी धरला, कपाळ त्याला टेकवलं. दगड कोमट होता. खालून हॉर्न ऐकू आला. तिनं बघितलं. रस्त्यावर लाल ट्रॅक्टर आडवा उभा होता, पाढ्याच्या पुस्तकातल्या चित्राएवढा. त्याच्यासमोर कुनिबर्टची पांढरी गाडी. कुनिबर्ट हात हलवत होता. इतक्या वरूनही कळत होतं की शिव्या देतोय. मागं, वळणावर, पिवळी बस अजून दिसत नव्हती.

मग तिचा पाय उचलला. तिनं उचलला असं ती कधी म्हणाली नाही, उचलला गेला.

आलोइस मधल्या टप्प्यावर होते, फुगलेल्या गडग्याच्या बरोबर वर. ते वेल एकशे दहा वर्षांचे होते, स्वतःच्या मुळांवरचे, कलम न केलेले. एकेक खोड मांडीएवढं जाड. आलोइस एका खोडापुढे गुडघ्यावर बसून कात्री चालवत होते.

"आलीस? ये. आज हात नीट चालव, सोमवारसारखा नको."

"बाबा, उठा. आत्ताच्या आत्ता."

"पुन्हा तेच? पाणी थांबलंय, दिसत नाही का?"

"पाणी आत अडकलंय. बाबा, खांब बघा."

"खांब मी लावलेत."

"बघा!"

ती इतक्या जोरात ओरडली की आलोइसनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग तिथंच राहिला, पण डोळे खांबावरून खांबावर गेले, ओळीच्या शेवटापर्यंत. मग ते खाली बघू लागले, स्वतःच्या गुडघ्यांकडे. चुरा त्यांच्या बुटांभोवतून वाहत होता. पाणी वाहतं तसा, आवाज न करता.

"गाडीत बसू," ते म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"रूळ वाकलाय. बघा, मधला पाय हवेत आहे त्याचा. आडवं जायचं. खडकावर, कुनिबर्टच्या बाजूला."

"अठरा ओळी आहेत मध्ये."

"मोजू नका. चला."

तिनं त्यांना काखेत धरून उठवलं. आडवं चालायचं म्हणजे प्रत्येक ओळीत खांबांच्या मधून वाकून जायचं, आणि जमीन पायाखालून निसटत होती. जिथं पाय ठेवावा तिथून तो वीतभर खाली जात होता. आलोइस दोनदा घसरले. दुसऱ्यांदा त्यांचा बूट निघाला आणि गडग्यावरून खाली गेला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही, कारण तेवढ्यात खालून दुसरा आवाज सुरू झाला होता. खूप जड काहीतरी फरशीवरून ओढावं तसा, लांबट, खोल.

"पोरी, तू हो पुढं," आलोइस म्हणाले. "मी येतो."

"गप्प बसा," रोसविता सासऱ्यांना म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या कोटाचा पट्टा तिनं मुठीत गुंडाळला आणि ओढलं.

खडकाच्या धारेला ते पोचले, आणि तिनं आलोइसना आधी पलीकडे ढकललं. मग स्वतः चढायला लागली. तिचा डावा पाय अजून भट्टीत होता तेव्हा भट्टी गेली.

गेली म्हणजे, आधी गडगा फुटला. गढूळ पाण्याचा एक लोंढा दगडांसकट बाहेर आला. मग वरचा टप्पा त्यावर बसला, मग त्याच्या वरचा. वेल उभेच्या उभे, खांबांसकट, रांगेनं खाली चालत गेले. दातेरी रूळ एकदा किंचाळला आणि सुटून हवेत लोंबू लागला. मग राखेसारखी धूळ उठली आणि काही दिसेनासं झालं.

रोसविता खडकावर पालथी पडली होती. तिच्या हाताखाली आलोइस होते. त्यांनी तिच्या बाहीचं टोक पकडलं होतं आणि ते काहीतरी पुटपुटत होते. तिनं कान दिला. ते ओळी मोजत होते. एक, दोन, तीन. अठरापर्यंत जायचे आणि पुन्हा एकपासून.

आवाज थांबला. मग जे सुरू झालं ते त्याहून वाईट होतं, ती शांतता. अधूनमधून एखादा दगड घरंगळत जाई आणि नदीत डुबकन पडे. नदीत. म्हणजे रस्ता ओलांडून.

"विनफ्रीड!" ती ओरडली.

फोन खिशात नव्हता, ओढाताणीत कुठं पडला कोण जाणे. धूळ बसत नव्हती. बस आली असेल का? एक वाजून गेला होता का? आपण त्याला तिथं उभं केलं. आपणच. गाव हसलं असतं तर हसलं असतं. तो तळघरात राहिला असता, पिंपांपाशी, पाय पसरून बसला असता. तिनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारली.

धूळ हळूहळू विरली. आधी नदी दिसली, गढूळ. मग रस्ता, गावाच्या बाजूचा, पिंपांसकट. मग जिथं ट्रॅक्टर असायला हवा होता तिथं दगडांचा ढीग, घराएवढा. त्यातून लाल पत्र्याचा एक कोपरा बाहेर आला होता.

रोसवितानं डोळे मिटले. किती वेळ, तिला सांगता येत नाही. आलोइस मोजत होते.

"ए बटाटेवाली!"

आवाज खालून, वळणाकडून आला. मोठा, घोगरा, खोकणारा.

"जिवंत आहेस का गं? बोल काहीतरी!"

तिनं बघितलं. ढिगाच्या पलीकडे पिवळी बस तिरकी उभी होती, उलटी मागं घेताना थांबलेली. तिच्यासमोर कुनिबर्ट, डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. आणि रस्त्याच्या कडेला, दगडावर, काठीशिवाय बसलेला, तोही राखाडी, विनफ्रीड. त्यानं हात वर केला.

रोसविता रडली नाही. तिला ओकारी झाली, तिथंच, खडकावर.

संध्याकाळी अग्निशमनवाल्यांनी वरच्या रानातून दोर सोडून दोघांना काढलं. काय घडलं ते तेव्हा कळलं. कुनिबर्ट विनफ्रीडशी भांडायला उतरला होता. त्याला पलीकडच्या गावी जायचं होतं, उशीर होत होता, म्हणून पिंपं बाजूला सारून तो ट्रॅक्टरपर्यंत आला होता. शिव्या ऐन रंगात आल्या असताना एक मुठीएवढा दगड त्याच्या गाडीच्या टपावर पडला. मग दुसरा. त्यानं वर बघितलं आणि, त्याच्या शब्दांत, "डोंगराला चालताना बघितलं". विनफ्रीडला पळता येत नव्हतं. कुनिबर्टनं त्याला ट्रॅक्टरवरून ओढलं, पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि धावला, बसला हात करत, मागं घे, मागं घे. बसमध्ये सव्वीस मुलं होती. त्याची पांढरी गाडीही ढिगाखाली गेली.

"माझी नवी गाडी," तो रोसविताला म्हणाला. "तुझ्या नवऱ्यापायी. तो जड आहे गं फार. काय खायला घालतेस? बटाटे?" आणि मग हा मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडू लागला.

रस्ता सात आठवडे बंद राहिला. डोंगर तपासणारे साहेब शुक्रवारी आले, ठरल्याप्रमाणे. त्यांनी लिहून दिलं की भट्टीचा तो भाग आता असाच सोडायचा, पुन्हा गडगे नाहीत, पुन्हा लागवड नाही. उघडा पडलेला निळाकाळा खडक आणि त्यावर वरून सोडलेली लोखंडी जाळी, एवढंच राहिलं. आलोइस स्वयंपाकघरात नदीकडे पाठ करून बसू लागले. गावातल्या इतर दोन तुकड्यांत, जिथला उतार जरा माणसांत आहे, तिथं रोसविता जात होती. तिला तिथंही भीती वाटायची. आधी नव्हती ती भीतीही वाटायची आता. कपडे वाळत घालताना वाऱ्यानं दोरी कुरकुरली तरी ती आत पळायची. पण आता ती सांगायची. "आज मला भीती वाटतेय, आज वरच्या ओळीत नाही जाणार." आणि कुणी हसत नव्हतं.

जूनमध्ये, वेल फुलावर आले असताना, घरी गिऱ्हाईक आलं. शहरातलं एक जोडपं, दरवर्षी यायचं. गिऱ्हाइकांना पाटीचा दगड, ऊन, नदीचा उजेड, सगळं रंगवून सांगायचं काम आलोइसचं असे. ते त्यात पटाईत होते. त्या दिवशी ते गप्प बसून राहिले. विनफ्रीडनं बाटली उघडली. लेबलावर भट्टीचं नाव होतं, गेल्या वर्षीचं, शेवटचं पीक.

बाईंनी पेला नाकाशी नेला, घोट घेतला, डोळे मिटले.

"अहाहा," त्या म्हणाल्या. "दगडाची चव आहे हो याला. पाऊस पडून गेल्यावर दगड ओले होतात ना, तसा वास. कसं काय येतं हे?"

विनफ्रीडनं बायकोकडे बघितलं. रोसवितानं हातातला पेला खाली ठेवला, माफी मागितली आणि मागच्या दारानं अंगणात गेली. आक्रोडाच्या झाडाखाली बाक होता, त्यावर बसली. उन्हात बसूनही तिला कापरं भरलं होतं.

थोड्या वेळानं दार वाजलं. आलोइस आले, हळूहळू, भिंत धरत. तिच्या शेजारी बसले. आतून बाईंचं हसणं ऐकू येत होतं.

"मी अकरा वर्षांचा असल्यापासून जातोय तिथं," आलोइस शेवटी म्हणाले. "रोज सकाळी पोटात कळ यायची. रोज. मला वाटायचं, भूक लागते मला."

रोसवितानं त्यांच्याकडे बघितलं. ते बघत नव्हते. डागाळलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून ते समोरच्या कोबीच्या वाफ्याकडे बघत होते.

"गार वाटतंय का तुला?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी कोट काढला आणि तिच्या खांद्यावर टाकला. मग दोघं तिथंच बसून राहिली, गिऱ्हाईक जाईपर्यंत.